डिशवॉशरचा पंप घरीच बदलला: २१ दिवसांचा हिशोब

६ तारखेला, शनिवारी रात्री साडेदहाला डिशवॉशरचं दार उघडलं तर आत तळं. खालच्या रॅकची चाकं बुडालेली, पाण्यावर तेलाचा तवंग आणि पॅनेलवर एक कोड लुकलुकतोय. माहितीपुस्तिकेत त्या कोडसमोर लिहिलं होतं, 'पाणी बाहेर जात नाही.' तेवढं मलाही दिसत होतं.

तिथपासून २७ तारखेपर्यंत काय काय झालं ते लिहून ठेवतेय. पार्ट बदलायला पाऊण तास लागला. बाकीचे दिवस गेले ते कोणता पार्ट गेलाय हे ओळखण्यात आणि नेमका तोच पार्ट मिळवण्यात. मी इंजिनियर नाही. याआधी घरात बल्ब आणि नळाचा वायसर एवढंच बदललं होतं. त्यामुळे खाली जिथे जिथे घाबरले असं लिहिलंय, तिथे खरोखरच घाबरले होते.

पहिल्या रात्री प्लग काढला, पाण्याचा नळ बंद केला आणि मगाने पाणी उपसलं. मोजून साडेतीन लिटर निघालं, उरलेलं स्पंजने टिपलं. मग गोल गाळणी फिरवून बाहेर काढली, खालची सपाट जाळी काढली आणि दोन्ही ब्रशने घासल्या. आमच्या यंत्रात त्यांच्याखाली खड्ड्यात उजव्या बाजूला एक पांढरं प्लॅस्टिकचं झाकण आहे. चमच्याच्या दांड्याने ते हलकेच उचकटलं की पंपाचं छोटं चाक दिसतं. त्याला इम्पेलर म्हणतात. आमच्या इम्पेलरच्या पात्यांमध्ये नखाएवढी काच अडकली होती. दोन आठवड्यांपूर्वी एक ग्लास आतच फुटला होता आणि आपण सगळे तुकडे वेचले असा माझा समज होता. इथे नुसतं बोट घालू नका. गढूळ पाण्यात काच दिसत नाही, जाड रबरी हातमोजा घाला.

काच निघाली, मला वाटलं संपलं. रविवारी सकाळी ऐटीत धुण्याची छोटी सायकल लावली. पस्तीस मिनिटांनी पुन्हा तेच तळं आणि पुन्हा साडेतीन लिटर. नंतर एक युक्ती कळली ती आधी माहीत असती तर बरं झालं असतं. अडथळा गेला का हे बघायला अख्खी सायकल लावायची गरज नाही. आत दोन मग पाणी ओतायचं आणि सायकल रद्द करायचं बटण धरून ठेवायचं. बहुतेक यंत्रं रद्द करताना आधी आतलं पाणी बाहेर फेकतात. एका मिनिटात निकाल कळतो.

मग संशय नळीवर. यंत्र पुढे ओढलं, मागची नळी कुठे दुमडली नव्हती. सिंकखालचा तिचा सांधा सोडवला, फनेलने नळीत पाणी ओतून पाहिलं, सरळ खाली उतरलं. सिंकखालच्या वाकड्या पाइपमधली घाणही काढली, ती निघाली भरपूर, पण तिचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. म्हणजे तुंबलेलं कुठेच काही नाही, तरी पाणी जात नाही.

सोमवारी, ८ तारखेला, बिल शोधलं. वॉरंटी दोन वर्षांची, ती संपून चार महिने झाले होते. यंत्रांनाही कॅलेंडर वाचता येत असावं. कंपनीच्या सेवा केंद्रात फोन केला, तेरा मिनिटं संगीत ऐकलं, मग तक्रार क्रमांक मिळाला आणि एक अट: तपासणीचं शुल्क दुरुस्ती करा किंवा न करा, द्यावंच लागेल. भेटीची वेळ गुरुवार, ११ तारीख, १० ते २. तंत्रज्ञ साडेतीनला आला.

मुलगा सभ्य होता, हात सराईत होते. यंत्र बाजूला घेऊन त्याने पंपाच्या दोन टोकांना विजेचा रोध वगैरे मोजणारा मल्टिमीटर लावला, आकडा मला दाखवला. १७० ओहमच्या आसपास.

"मॅडम, कॉइल ओके आहे. पंप चांगला आहे. म्हणजे बोर्ड गेला."

"म्हणजे पंपाला वीजच मिळत नाहीये?"

"हो. बोर्ड बदलावा लागेल. मेल येईल तुम्हाला."

बोर्ड म्हणजे पंपाला वीज सोडणारं यंत्रातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. वीस मिनिटांत तो गेला. शुक्रवारी मेल आला. बोर्ड, मजुरी, पुन्हा येण्याचं शुल्क मिळून आकडा नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याला टेकत होता. मुदत सात दिवस. एकदा मागवलेला बोर्ड परत घेतला जाणार नाही. आणि अगदी तळाला बारीक अक्षरात, 'बोर्ड बदलूनही दोष कायम राहिल्यास पुढील तपासणीचे शुल्क वेगळे आकारले जाईल.' ती ओळ मी तीनदा वाचली. यांनाच खात्री नाही तर मी का पैसे घालू? पैसे वाचवायचे, काहीतरी शिकायचं, असलं काही मनात नव्हतं. त्या एका ओळीचा राग आला, म्हणून मी हे हातात घेतलं.

शनिवार पंप कसा चालतो हे समजून घेण्यात गेला. डिशवॉशरमध्ये पंप साधारण दोन असतात. मोठा पंप पाणी फवाऱ्यांतून फिरवतो, छोटा शेवटी ते बाहेर फेकतो. या छोट्या ड्रेन पंपाचं पोट अगदी साधं असतं. बाहेर तांब्याची कॉइल, आत एक लोहचुंबक, चुंबकाला जोडलेला इम्पेलर. कॉइलला वीज मिळाली की चुंबक फिरतो, चुंबकाबरोबर पाती फिरतात. त्यात एक मजा आहे. चुंबक आणि पाती यांच्या जोडात मुद्दाम थोडा ढिलेपणा ठेवलेला असतो. अशी मोटर पाण्याच्या ओझ्यासकट एकदम सुरू होऊ शकत नाही. आधी चुंबक एकटा थोडा फिरून गती घेतो, मग पात्यांना धक्का देतो.

हे वाचताना डोक्यात प्रकाश पडला. मीटरने फक्त कॉइल तपासली होती. कॉइल शाबूत आहे याचा अर्थ पंप शाबूत आहे असा होत नाही.

रविवार, १४ तारीख. घरातले सगळे पंखे बंद केले, आत दोन मग पाणी ओतलं, दार लावलं, जमिनीवर आडवी झाले आणि यंत्राच्या खालच्या पट्टीला कान लावला. धाकट्याला बटण दाबून धरायला सांगितलं. दोन सेकंद काही नाही. मग बारीक, एका सुरातलं 'घूं'. डास कानाशी आल्यासारखं, पण जाडसर. पाणी हललं नाही, पण आवाज होता. वीज पोचल्याशिवाय पंप गुणगुणणार नाही. म्हणजे बोर्ड आपलं काम करत होता.

प्लग काढला, पाणी उपसलं, पांढरं झाकण काढलं आणि आइस्क्रीमच्या काडीने इम्पेलर फिरवून पाहिला. चांगल्या पंपाचा इम्पेलर थोडा मोकळा फिरतो, मग चुंबक त्याला धरतो, जोर लावला की खट् करून सुटतो, पुन्हा धरतो. हातालाच कळतं. आमचा मात्र भिंगरीसारखा गरगर फिरला. कुठेही अडला नाही. आत चुंबक फिरत असेल नाहीतर नसेल, पात्यांना त्याचा पत्ताच नव्हता. काचेने पाती अडवून धरली आणि त्या ओढाताणीत आतला जोड तुटला, हा माझा अंदाज. तो बरोबर होता हे शेवटी कळलं.

आता पंप मागवायचा. इथे मी घाई केली. दारावर जे नाव छापलंय ते टाकून शोधलं, फोटो सारखाच दिसला, रात्रीच ऑर्डर दिली. १८ तारखेला पार्सल आलं. शनिवारी, २० तारखेला, बाजूचं पॅनेल उघडून बसवायला घेतला.

उघडण्याबद्दल थोडं. आमचं यंत्र सुटं आहे, कपाटात बसवलेलं नाही, त्यामुळे बाजूचा पत्रा मागचे तीन स्क्रू काढले की मागे सरकवून निघतो. स्क्रू टॉर्क्स होते, म्हणजे चांदणीच्या खाचेचे, टी-२०. साध्या स्क्रूड्रायव्हरने खटपट केली असती तर खाचा गेल्या असत्या. प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबले, कारण बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ वीज साठून राहू शकते. आणि पत्र्याची कड! बाहेरून गुळगुळीत, आतून सुरी. डाव्या हाताचं मधलं बोट कापलं. एवढ्या सगळ्या प्रकरणात रक्त तेवढंच सांडलं, तेही हातमोजे घातले असते तर सांडलं नसतं.

टॉर्च मारून आतला पंप पाहिला आणि हातातला पाहिला. आकार तोच, रंग तोच, पण वायरींच्या कनेक्टरची खाच दुसऱ्या बाजूला, आणि अडकवायचे दात मोजले तर एक कमी. मटकन खाली बसले. एकाच नावाचं यंत्र कंपनी वर्षानुवर्षं बनवते आणि आतले पार्ट मधेच बदलते. दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल असा एक स्टिकर असतो. त्यावर लांबलचक क्रमांक असतो आणि आमच्या यंत्रावर त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन आणखी दोन आकडे होते. सगळी ग्यानबाची मेख त्या दोन आकड्यांत. आणि खुद्द पंपावरही स्टिकर होता: २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ३० वॉट, खाली पंपाचा स्वतःचा क्रमांक. मी १४ तारखेलाच पॅनेल उघडून याचा फोटो काढला असता तर एक आठवडा वाचला असता. आधी उघडा, वाचा, मग मागवा.

परतीच्या फॉर्मवर कारण निवडायचं होतं. 'वस्तू सदोष', 'चुकीची वस्तू पाठवली', 'विचार बदलला'. 'मीच चुकीची मागवली' हा पर्याय नव्हता. 'विचार बदलला' निवडलं. पाठवायचा खर्च माझ्यावर. एक बरं झालं, पंप बसवून पाहिला नव्हता. विजेची वस्तू एकदा जोडली की परत घेत नाहीत, असं त्याच फॉर्मवर होतं.

नवी ऑर्डर त्याच दिवशी, यावेळी पंपावरच्या क्रमांकाने. ओरिजिनल आणि 'कंपॅटिबल', म्हणजे दुसऱ्याने बनवलेला पण चालणारा, असे दोन पर्याय होते, किमतीत दुपटीचा फरक. ओरिजिनल घेतला. शहाणपणाने नाही, तिसऱ्यांदा पार्सलची वाट बघायची ताकद नव्हती म्हणून.

मधला आठवडा भांडी घासण्यात गेला. यंत्र स्वयंपाकघराच्या मधोमध अर्धवट उघडं, येता-जाता सगळ्यांच्या पायात. नवरा एकदाच म्हणाला, "नवीनच घेऊया का?" आणि माझा चेहरा बघून गप्प बसला. त्या दिवसांत मलाही रोज वाटायचं की आपण उगाच हट्टाला पेटलोय.

पंप २६ तारखेला आला. पिशवी न फोडताच क्रमांक जुळवले. २७ तारखेला, शनिवारी सकाळी, प्लग आणि नळ दोन्ही बंद आहेत हे दोनदा पाहून सुरुवात केली.

जुन्या पंपाच्या वायरींचा फोटो काढला, मग कनेक्टर काढला. वायर ओढायची नाही, कनेक्टरची कळ दाबून तोच धरून ओढायचा. आमचा पंप कुठल्या स्क्रूने बसवलेला नव्हता. बरणीच्या झाकणासारखा दातांत फिरवून अडकवलेला होता. बाजूला एक छोटी कळ, ती नखाने दाबायची आणि पंप डावीकडे पाव फेरा फिरवायचा. दोन वर्षं चार महिन्यांत तो असा चिकटला होता की पहिल्यांदा हललाच नाही. फडकं गुंडाळून पकड घेतली, श्वास रोखला, कट्कन फिरला. आणि आत उरलेलं कपभर पाणी माझ्या मनगटावरून खाली यंत्राच्या पोटात सांडलं. मी आधी स्पंजने टिपलं होतं, पण पंपाच्या पोकळीत थोडं राहतंच. हे सांडलेलं पाणी लक्षात ठेवा.

जिथे पंप बसतो ती कड बोटाने चाचपली. राखाडी चिकट थर आणि त्यात काचेचा आणखी एक कण. ओल्या फडक्याने कड चकचकीत केली, कारण तिथेच रबरी रिंग टेकते आणि एक कणही मधे राहिला तर पाणी झिरपणार. नव्या पंपाची रिंग पाण्याने ओली केली, पंप खाचेत टेकवला, उजवीकडे पाव फेरा. कळ 'टिक्' वाजली. कनेक्टर लावला. बस, एवढंच होतं.

पत्रा लावला, नळ उघडला, प्लग लावला. अजून एकही बटण दाबलं नव्हतं आणि पंप सुरू झाला. आपला आपण. सुरू झाला तो थांबेना. बटण बंद केलं तरी चालूच. तीन आठवडे जो पाणी फेकत नव्हता तो आता कोरडा घुरघुरत होता आणि पॅनेलवर वेगळाच कोड. धाकटा म्हणाला, "आई, तू काय केलंस?" प्लग उपटला. त्या क्षणी मला पक्कं वाटलं, बोर्ड आता खरोखर गेला आणि तो मी घालवला.

दहा मिनिटं नुसती बसून राहिले. मग माहितीपुस्तिकेत नवा कोड शोधला. 'तळाच्या ट्रेमध्ये पाणी.' यंत्राच्या अगदी बुडाशी एक उथळ ट्रे असतो आणि त्यात थर्मोकोलचा एक तुकडा. कुठून गळती होऊन ट्रेमध्ये पाणी साचलं की तो तुकडा तरंगून वर येतो, एक छोटा स्विच दाबला जातो, आणि घरात पूर येऊ नये म्हणून यंत्र बाकी सगळं सोडून फक्त पंप चालवत राहतं. गळती नव्हतीच. ते माझंच सांडलेलं कपभर पाणी होतं.

पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा पत्रा. लांब चिमट्यात स्पंज धरून ट्रे टिपला, तीनदा पिळला. शेवटी थर्मोकोल खाली बसला आणि स्विचचा बारीक 'टिक्' ऐकू आला. पंपाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवला, पत्रा लावला, प्लग लावला. शांतता. दोन मग पाणी, रद्दचं बटण, मोजले पाच आकडे, आणि सिंकखालच्या पाइपात गुळगुळ. आमचा जीव अक्षरशः भांड्यात पडला.

अख्खी सायकल लावली. ती संपल्यावर प्लग काढून पुन्हा उघडलं, कारण विश्वास बसत नव्हता. टिश्यू कोरडा होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक सायकल, टिश्यू कोरडाच, मग तो काढून टाकला.

खर्च: योग्य पंप कंपनीने दिलेल्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यात आला. त्यात तपासणीचं शुल्क, टॉर्क्सचा संच आणि चुकीच्या पंपाची परतपाठवणी मिळवली तर चौथ्या हिश्श्यापर्यंत गेला. माझी घाई आणि अज्ञान यांचे पैसे त्यात आहेत. आणि एक सांगते, दोष खरोखर बोर्डाचा निघाला असता किंवा चालू विजेत मीटर घालून मोजायची वेळ आली असती, तर मी थांबले असते. बंद यंत्रात, प्लग हातात धरून जेवढं करता येतं तेवढंच मी केलं.

जुना पंप टाकण्याआधी करवतीने कापून बघितला. चुंबक चांगला होता. पात्यांच्या दांड्याच्या टोकाला प्लॅस्टिकचा एक दात असतो, चुंबक त्यालाच धक्का देऊन पाती फिरवतो. तो दात मुळातून तुटून आत पडला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

परतीचे पैसे ३० तारखेला आले. सेवा केंद्राची तक्रार मात्र अजून उघडी आहे, 'ग्राहकाच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत' अशी. परवा फोन आला होता, बोर्ड मागवायचा का म्हणून. यंत्र दुरुस्त झालंय म्हटलं तर पलीकडून विचारणा झाली, "कोणत्या तंत्रज्ञाने केलं? नाव टाकल्याशिवाय तक्रार बंद होत नाही."